चाकाखालचं लिंबू

माझ्या मुलीच्या मोटारसायकलचं मागचं चाक अडकलं ते कुणी गाडी वाईट चालवली म्हणून नाही. ती कुणी चालवलीच नाही आणि वर दर दसऱ्याला तिची पूजा केली, म्हणून अडकलं. हे वाक्य मी घरात इतक्यांदा बोललो आहे की बायको म्हणते, आता त्याची पाटी करून दारावर लावा. पुण्यात राहतो, पाटी लावायला माझी काहीच हरकत नाही. पण पाटीवर सगळी हकिकत मावणार नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

गाडी म्हणजे डर्ट बाइक. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायची. उंच, हडकुळी, दिवा नाही, आरसा नाही, टायरला बोटभर जाडीचे दात. मुलगी कॉलेजात होती तेव्हा शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिने ती जुनी विकत घेतली. मी विरोध केला नाही. हेल्मेट, छातीचं चिलखत आणि गुडघ्यांचं संरक्षण आधी, गाडी नंतर, एवढंच मी म्हणालो. तिने त्याच क्रमाने खरेदी केली. पुढे एकदा सरावात, उडीवरून उतरताना ती पडली आणि उजव्या खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं. मग तिला बंगळूरला नोकरी लागली आणि गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागा अरुंद आणि सभासदांची मनं त्याहून अरुंद. तेव्हा माझा थोरला भाऊ आपणहून म्हणाला, "माझ्याकडे ठेव. शेड आहे, कुत्रं आहे आणि मी आहे."

दादा खडकीच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने भूगावच्या पुढे छोटं घर बांधलं, बाजूला पत्र्याची शेड घातली. ज्याचा जन्म तेलात आणि ग्रीसमध्ये गेला त्याच्याकडे गाडी ठेवली, आणखी काय हवं? मी निर्धास्त झालो. दर दसऱ्याला कुटुंबाच्या ग्रुपवर वहिनी फोटो टाकायची. टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, मागच्या चाकाला झेंडूचा हार, फोडलेला नारळ, उदबत्ती. खाली दादाचा मजकूर: "गाडी जपून ठेवली आहे." त्याखाली मी हात जोडायचो. मुलगी बंगळूरहून लाल बदाम पाठवायची. असे तीन दसरे गेले.

या वर्षी तिच्या कंपनीने तिला हिंजवडीला पाठवलं. गणपतीत घरी आली आणि दुसरं वाक्य बोलली ते हे: "बाबा, गाडी आणूया." दसऱ्यानंतरच्या रविवारी शहराबाहेर मातीच्या ट्रॅकवर शर्यत होती, मुलींचा वेगळा गट होता आणि तिने नाव देऊनही टाकलं होतं. पहिलं वाक्य "काय जेवायला आहे" हे होतं, म्हणून गाडी दुसरी.

आम्ही टेम्पो घेऊन भूगावला गेलो. शेडमध्ये गाडी तोंड भिंतीकडे करून उभी होती. मी हँडल धरलं, मुलीने मागून ओढलं. पुढचं चाक हललं. मागचं हललं नाही. पुन्हा ओढलं, तर टायर फरशीवरून खर्रकन घासत आला, फिरला मात्र नाही. मुलीने गिअर तपासला, ब्रेक तपासला, साखळी उतरवून बघितली. चाक ढिम्म.

"दादा, हे काय?"

"अरे, उभ्या गाडीचं होतंच असं."

"होतं म्हणजे? तू फिटर ना?"

"निवृत्त फिटर," दादा म्हणाला. "आणि पूजा एकदाही चुकवली नाही, विचार तुझ्या वहिनीला."

वहिनीने शेडच्या दारातून फक्त विचारलं, "चहा टाकू का?" मी नको म्हणालो. सहसा मी त्या घरात चहाला नको म्हणत नाही.

चौघांनी उचलून गाडी टेम्पोत चढवली. उचललेली मोटारसायकल बघितली की मला उचलून नेलेला माणूस आठवतो. ज्याने स्वतःच्या पायांनी जायचं तो असा जाताना बघणं बरं नाही.

आता अडचण काय होती ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चाकाच्या मधून आरपार एक पोलादी दांडा जातो. त्याला एक्सल म्हणतात, जुन्या मराठीत आस. हा दांडा दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या एका चिमट्यासारख्या चौकटीत बसतो. ती चौकट म्हणजे स्विंगआर्म. गाडीचा मागचा सगळा भार तिच्यावर. एक्सल बाहेर काढल्याशिवाय चाक निघत नाही आणि चाक निघाल्याशिवाय आतल्या गंजलेल्या बेअरिंगा बदलता येत नाहीत. एक्सल आतमध्ये गंजून बेअरिंगला आणि चौकटीला चिकटला होता.

दोन गॅरेजांत दाखवलं. दोघांनीही एकच सांगितलं, ग्राइंडरने कापा. एक्सल कापला तर नवा मिळतो, ते ठीक. पण कापताना किंवा ठोकताना स्विंगआर्मला चीर गेली, तर गाडी संपली. हे मॉडेल बंद होऊन वर्षं झाली, तो भाग नवा मिळत नाही आणि जुना मिळाला तर कुणाच्या पडलेल्या गाडीचा मिळतो. "चीर जाईल का?" असं मी विचारलं, तर दुसरा गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, गॅरंटी देत नाही." ग्राइंडर मात्र त्याने हातात घेतलेला होता. मुलीने गाडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नको. आम्ही बघतो."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. स्विंगआर्मला धक्का न लावता एक्सल निघाला, तर मुलगी पुन्हा गाडीवर बसणार. नाही निघाला, तर गाडी भंगारात आणि तिचे ते दिवसही.

माझं काम मोजमापाचं आहे. कारखान्यात ज्या हत्यारांनी माल मोजतात, ती हत्यारं बरोबर मोजतात की नाही हे मी तपासतो. मेकॅनिक मी नाही, त्याचा आवही आणत नाही. पण हात लावण्याआधी बघायची सवय आहे. शनिवारी पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन मी चाकाखाली बसलो. डाव्या बाजूला नट होता, तो सत्तावीसच्या पान्याने मुकाट सुटला. त्या बाजूला गंज जेमतेम. उजव्या बाजूला, जिथे एक्सलचं षटकोनी डोकं असतं, तिथे मात्र पांढऱ्या-हिरवट पापुद्र्याचा थर आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या रुतलेल्या. हाराचा दोरा डोक्याभोवती तीन वेढे घेऊन कुजून चिकटला होता. नखाने खरवडलं तर खाली हळद निघाली.

एकाच गाडीच्या, एकाच दांड्याचं एक टोक कोरडं आणि दुसरं सडलेलं कसं? मी मोबाइल काढून ते तीन फोटो मोठे करून बघितले. गाडी तोंड भिंतीकडे करून, उजवी कूस अंगणाकडे ठेवून उभी. म्हणून पूजा पुढच्या चाकाची न होता मागच्याची झाली, तीही उजवीकडून. नारळ मागच्या चाकावर फोडला, पाणी एक्सलच्या डोक्यावर ओतलं. वर ओला हार बांधला आणि तो पुढच्या दसऱ्यापर्यंत तसाच राहू दिला. नारळाच्या पाण्यात क्षार असतात. आयुष्यभर धातूत काम केलेल्या माणसाला हे मी सांगायचं?

आणखी एक गोष्ट दिसली. पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्याच्यावरून पुढे नेतात, लिंबू फुटलं पाहिजे. पहिल्या फोटोत चाकाला टेकून लिंबू होतं, अखंड. दुसऱ्या फोटोत नवं लिंबू होतं आणि त्याच्याशेजारी एक काळी सुकलेली गोटी. तिसऱ्यात एक नवं, दोन काळ्या गोट्या. म्हणजे गाडी वर्षानुवर्षं बोटभरही हलली नव्हती. हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि ज्यासाठी हे सगळं करायचं ती गाडी पुढे न्यायचं तेवढं राहिलं. मला वाटलं, आळस. आपल्याकडे पूजेला सगळे हजर असतात, ग्रीस लावायला कुणी नसतं. त्या रात्री जेवताना मी हेच बोलत होतो. बायको म्हणाली, "भाजी वाढू, की एक्सलच वाढू?"

रविवारी सकाळी काम सुरू केलं. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मुरवत ठेवलं होतं. मुलीने जुनी ट्रॅकपँट घातली, केस वर बांधले. मी एक्सलच्या डोक्यावर आणि त्याला लागून चौकटीवर मार्करने एक सरळ रेघ ओढली. डोकं फिरलं तर रेघ तुटेल. फिरल्यासारखं वाटणं आणि फिरणं यांतला फरक कळायला असं काहीतरी लागतंच.

पार्किंगमध्ये पान्याचा आवाज झाला की सल्ला येतो. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ दूध घेऊन येताना थांबले.

"अहो, इतका विचार काय करताय? घाला दोन हातोडे. बाहेर येतो की नाही बघा."

"आपण घरी फ्रीज उघडताना हातोडा वापरता का?"

"फ्रीज कुठे गंजतो?"

"आपल्याकडे दिला तर गंजेल."

ते गेले. पण जिन्यापाशी पोचल्यावर पुन्हा म्हणालेच, "दोनच घाला." माझ्या मते या देशात हातोडा हे पहिलं हत्यार मानतात हीच मोठी चूक आहे. चिकटलेल्या एक्सलच्या टोकावर थेट हातोडा घातला तर टोक भुछत्रासारखं पसरतं, आटे मरतात आणि मग तो दांडा कधीच भोकातून जात नाही. हे ज्यांना ठाऊक असतं तेही घालतात. आवाज झाला की काम झाल्यासारखं वाटतं.

मुलगी लांब पान्याने डोकं फिरवायचा प्रयत्न करत होती. "बाबा, हलला!"

मी रेघ बघितली. "पाना लवला. रेघ जागच्या जागी आहे."

"तू कधीतरी हो म्हण ना."

"रेघ म्हणाली की म्हणेन."

मग उष्णता द्यायचं ठरलं. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. वीस मिलिमीटरचं भोक, शंभर अंशांची वाढ. मी गणित केलं तर दोघांत साधारण दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडत होता. माणसाच्या केसाचा चौथा हिस्सा म्हणा. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण नोकरीत मी दोन शतांशांसाठी अख्खा माल परत पाठवला आहे. गरम हवेची बंदूक होती, तापमान मोजायचं साधन होतं. टायरवर आणि साखळीवर ओली पोती टाकली, तेलाचा डबा लांब नेला, सांडलेलं तेल पुसून काढलं आणि मी चौकटीला उष्णता देऊ लागलो.

त्याच वेळी दादा आणि वहिनी आले. फोन न करता. दादाच्या हातात पिशवी नव्हती, हत्यारांचा डबाही नव्हता. वहिनीच्या हातात थालीपिठांचा डबा होता. दादाने वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि बसला.

"नाही निघायचा तो," दादा म्हणाला.

"बघू."

"मी बघितलंय असलं. सोड तू. भंगारवाल्याला सांगतो, तो घरून घेऊन जाईल."

मी मान वर केली नाही. शंभर अंश. एकशे दहा. मुलगी पाना लावून उभी होती. दादा पुन्हा म्हणाला, "उगाच स्विंगआर्म तुटेल. सोड."

माणसाने चाळीस वर्षं चिकटलेले बोल्ट सोडवून पगार घ्यावा आणि घरच्या पोरीच्या गाडीशी बसून दोनदा "सोड" म्हणावं, हे माझ्या डोक्यात जायला वेळ लागला नाही. मी बंदूक बंद केली, हात पुसले, मोबाइल काढला आणि फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. हे लिंबू. हे मागच्या वर्षीचं, हे त्याच्या आधीचं. तीन दसरे गाडी हलवली नाहीस. नारळाचं पाणी एक्सलवर ओतलंस, हार कुजेपर्यंत ठेवलास. कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा करायचास ना? दुसऱ्या दिवशी मशीन चालवायचास की नाही? की तिथेही लिंबू ठेवून घरी जायचास?"

दादाने वहिनीकडे बघितलं. मला तेच कळलं नाही आधी. माझ्या प्रश्नाचं उत्तर वहिनीकडे कशाला?

वहिनीने डबा टाकीवर ठेवायला हात पुढे केला, मग विचार बदलून जमिनीवर ठेवला. "त्यांना बोलू नका, भाऊजी. ते तेल लावायला निघाले होते. मीच लावू दिलं नाही."

"का?"

"लिंबावरून गाडी नेली की ती चालती होते. मला ती चालती नको होती."

"म्हणजे?"

"म्हणजे दर दसऱ्याला हात जोडून मी एकच मागत होते, की ही गाडी इथेच राहू दे. पोरीला पुन्हा हिच्यावर बसायला मिळू नये." वहिनीचा आवाज चढला नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं. "आणि मला पावलं. राहिली की जागेवर."

मी आयुष्यात पुष्कळ पूजा बघितल्या आहेत. गाडी सुखरूप चालू दे म्हणून केलेल्या. गाडी कधीच चालू नये म्हणून केलेली ही पहिली. आणि आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, त्या फोटोंखाली हात जोडत होतो आणि बदाम पाठवत होतो! मला संताप आवरेना.

"वहिनी, गाडी तिची. हाड तिचं. तिच्या पैशांची वस्तू तुम्ही नवसाने मारायची? हा कुठला न्याय?"

"आणि हाड मोडलं तेव्हा हॉस्पिटलात कोण होतं? तुम्ही कामाला चेन्नईला, वन्सं आजारी म्हणून तुमची बायको नाशिकला. पोरीची वेणी कोण घालत होतं? तिला डाव्या हाताने भात खाता येईना, तो कोण भरवत होतं?"

"म्हणून गाडी सडवायची?"

"हो," वहिनी म्हणाली. "म्हणूनच."

तिने वळसा घेतला नाही. मला ते अधिक झोंबलं. क्षमा मागितली असती तर मला रागावता तरी आलं असतं. ती चूक झाली असं मानतच नव्हती. दादा खुर्चीत खाली बघत होता. चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला चांगली गाडी डोळ्यांसमोर गंजताना बघायला लागणं ही काय शिक्षा आहे, हे मला त्या क्षणी थोडंसं दिसलं. पण दिसलं म्हणून मी त्याला माफ केलं असं नाही. त्याने मला एक फोन करायला हवा होता. "येऊन गाडी घेऊन जा, हिच्या मनात हे असं आहे." इतकंच. एका मिनिटाचं काम.

मुलगी अजून पाना धरून उभी होती. ती म्हणाली, "काकू, मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग तू चिडली असतीस, मी चिडले असते, आपण महिनाभर बोललो नसतो. गाडी तरी धड राहिली असती." तिने पाना सरळ केला. "आणि मी बंगळूरला काय करत होते, ठाऊक आहे? तिथे भाड्याची बाइक घेऊन दर महिन्याला ट्रॅकवर जात होते. तू इथे गाडीला बांधून ठेवलंस. मला थोडंच बांधलंस?"

हे मलाही नवीन होतं. बायकोला ठाऊक होतं असं नंतर कळलं, त्यावर वेगळं बोलणं झालं.

वहिनीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. इतका वेळ ती ज्याच्या जोरावर बोलत होती ते तिच्या हातून निसटलं होतं. तिच्या हिशेबाने गाडी थांबली की मुलगी थांबली. तिने पुन्हा विचारलं, "भाड्याची? दुसऱ्याची गाडी? तिचे ब्रेक कसे असतात ते तरी तुला ठाऊक होतं का?"

"नाही ना. माझ्या गाडीचे मला ठाऊक आहेत."

चौकट थंड होत चालली होती. मी बंदूक पुन्हा सुरू केली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं आणि एकशे दहावरून आकडा ऐंशीवर आला होता. पुन्हा शंभर. पुन्हा एकशे दहा. एकशे वीस. "लाव जोर," मी म्हणालो.

मुलीने पान्यावर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार टाकला. कुर्रर्र असा एक आवाज आला, दात खाल्ल्यासारखा. मी रेघेवर बॅटरी मारली. रेघ तुटली होती. दोन मिलिमीटर.

"हो," मी म्हणालो.

"हो म्हणालास?"

"रेघ म्हणाली."

मग मागे, पुढे, तेल, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दोन मिलिमीटरचे पाच झाले, पाचाचा पाव वेढा झाला. एक्सल फिरू लागला, तरी बाहेर सरकेना. तो डावीकडून उजवीकडे ढकलून काढायचा होता. डाव्या टोकाला आटे मरू नयेत म्हणून नट परत टोकाबरोबर चढवला. त्यावर पितळी दांडा धरून हलके ठोके द्यायचे, पितळ मऊ म्हणून पोलादाला इजा होत नाही. पण ठोकताना उजव्या बाजूला चौकटीला लाकडाचा भक्कम टेकू हवा, नाहीतर सगळा धक्का तिलाच बसतो. मी ठोकणार, मुलगी डोकं फिरवत राहणार. टेकू धरायला तिसरा माणूस हवा होता.

मी दादाला हाक मारली नाही. मारणारही नव्हतो. मुलीने मारली. "काका, इकडून लाकूड धरता?"

दादा उठला. वहिनीकडे बघितलं नाही. गुडघा जमिनीला टेकवून बसला, लाकूड उचललं, मी जिथे धरलं होतं तिथून अंगठाभर वर सरकवलं आणि छाती लावून दाबलं. मी ठोका दिला. "हळू," दादा म्हणाला. तो दिवसभरात बोललेला पहिला कामाचा शब्द. दुसरा ठोका. तिसरा. मग ठोक्याचा आवाज बदलला, टणक होता तो पोकळ झाला, आणि एक्सलचं डोकं चौकटीपासून नखभर बाहेर आलं. नट काढला, पुढचं सरळ होतं. मुलीने डोकं पान्यात धरून फिरवत फिरवत ओढलं आणि तो तांबूस, ओरखडलेला दांडा हातभर लांब तिच्या हातात आला. चाक पोत्यावर कलंडलं.

मी पहिलं काम केलं ते स्विंगआर्म बघायचं. दोन्ही भोकं पुसली, बॅटरी मारली, आतून नख फिरवलं, भिंग लावून बघितलं. चीर नव्हती. भोकाचं माप चारी दिशांनी घेतलं, तेही ठीक होतं. मी तसं म्हणालो तेव्हा दादाने तोंड फिरवून शर्टाला हात पुसले.

वहिनीने थालीपिठं उघडली. मी हात धुऊन खाल्ली. अन्नावर राग काढायचा नाही असं आमच्याकडे आहे. पण मी "छान झालीत" असं म्हणालो नाही आणि तिने ते लक्षात घेतलं.

नव्या बेअरिंगा, नवा एक्सल आला. बसवताना मुलीने त्याला एवढं ग्रीस फासलं की तो माशासारखा हातातून निसटत होता. चाक बोटाने ढकललं की फिरत राहायचं, आणि बायको जाता-येता ते ढकलायची.

दसऱ्याला सकाळी पार्किंगमध्ये गाडी काढली. दादा-वहिनी आले, या वेळी मुलीने बोलावून. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी यंदा पूजा नको म्हणालो असतो. वहिनीने स्वस्तिक काढलं, हार हँडलला बांधला. नारळ फोडायला ती चाकापाशी वाकली तेव्हा मी स्टीलचं पातेलं पुढे केलं. "पाणी यात."

"भाऊजी, थेंबभर तरी चाकावर..."

"एक थेंबही नाही."

तिने पातेल्यात फोडला. मग पिशवीतून लिंबू काढलं आणि हातात धरून उभी राहिली. पुष्कळ वेळ. दादा म्हणाला, "ठेव आता." ती ठेवेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "काकू, मी दुसरं लिंबू आणून ठेवू शकते. पण तू ठेवावंस."

वहिनी वाकली. मागच्या चाकाला टेकून लिंबू ठेवलं आणि बाजूला झाली. मुलीने हेल्मेट घातलं, गाडी हाताने पुढे रेटली. चाक फिरलं, दाताखाली लिंबू आलं आणि फच्च करून फुटलं. बी उडून दादाच्या पायावर पडली.

"पडलीस तर माझ्याकडे यायचं नाही," वहिनी म्हणाली.

"तुझ्याकडेच येणार."

"वेणी नाही घालणार मी."

"केस कापलेत मी. बघ." तिने हेल्मेट काढून दाखवलं.

वहिनी हसली नाही. पदराने मुलीच्या कानामागचं कुंकू पुसलं, जे मुळात स्वतःच्याच हाताने लागलं होतं. माझा राग अजून गेलेला नाही. तीन वर्षं मला फोटो पाठवून फसवलं, हे मी विसरणार नाही आणि दादाला ते मी दर भेटीत ऐकवतो. मुलगी म्हणते, "बाबा, निघाला ना एक्सल? आता तू पण सोड."

सगळे वर चहाला गेले. मी मागे थांबलो, फडकं ओलं केलं आणि रिम, दात, एक्सलचं डोकं नीट पुसून कोरडं केलं. लिंबात आम्ल असतं.